आभासी प्रयोगशाळेचे दार कोणासाठी?

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याच्या कोर्टात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी त्या दिवशी खान्देशातील समाजबांधव तेथे जमतात, भीमगीते ऐकतात. यंदा तेथे आपल्या मुलांच्या शिक्षणाचाही विषय निघावा.

आज संगणकाच्या पडद्यावर प्रयोगशाळा उभी आहे. सी-डॅक व अमृता विश्वविद्यापीठाच्या ‘ओलॅब्ज’मध्ये नववी ते बारावीचे विज्ञानाचे प्रयोग मराठीतूनही करता येतात. आयआयटीसारख्या संस्थांच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ कॉलेजच्या मुलांसाठी आहेत. ब्युरेटची तोटी फिरवायची, द्रावण गुलाबी झाले की नोंद करायची. चुकले तर पुन्हा करायचे. काच फुटत नाही, आम्ल सांडत नाही. आणि ‘सामानाला हात लावू नकोस’ असे म्हणणाराही तेथे कोणी नाही! साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळ्या बसवलेल्या भीमाच्या लेकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण रावेर-यावलच्या केळीबागेत राबणाऱ्या मजुराच्या मुलीला हे दार उघडे आहे काय? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. त्यानंतर मोबाईल पुष्कळ वाढले हे खरे; पण घरातला एकुलता मोबाईल दिवसभर बापाच्या खिशात असेल तर मुलीने प्रयोग करायचा केव्हा?

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन खटल्यात इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. महाराष्ट्रावर तो निवाडा बंधनकारक नाही. तरी आपल्या वकिलांनी तो औरंगाबाद खंडपीठापुढे का मांडू नये?

मात्र संस्थाचालकांपासून सावध राहावे. पडद्यावरचा प्रयोग दाखवून खरी प्रयोगशाळा टाळणे त्यांना स्वस्त पडते. अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चाप लावला, तेव्हा नोकरीतल्या माणसांवर पुन्हा परीक्षेला बसण्याची पाळी आली. पैसे घेणारे मोकळे, भोगणारा विद्यार्थी! म्हणून पडद्यावर सराव करावा, पण शाळेत खरे प्रात्यक्षिकही मागून घ्यावे.

नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून बाबासाहेबांच्या सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग भरत. आपली विहारे संध्याकाळी बहुधा रिकामीच असतात. प्रत्येक तालुक्यातील एका विहारात दोन संगणक, एक जोडणी आणि सात ते नऊ बसणारा एक शिकलेला तरुण, एवढा ठराव विहार समित्यांनी ३१ जुलैपूर्वी करावा. डिजेचे पैसे त्याला पुरतील.