माळ्यावर बसा, काळवीट ओळखा, पीक राखा



दिवाळी सरली, रब्बीची पेरणी आटोपली, की आपल्या तेरखेडा शिवारात जागलीचे दिवस सुरू होतात. ज्वारी गुडघ्याला लागलेली नसते, हरभरा नुकता फुटवे धरू लागलेला असतो, आणि बालाघाटच्या माळावरून हरणांचे कळप खाली उतरतात. दहा-वीस हरणांचा कळप दोन-चार दिवस एकाच वावरात चरला, तर हरभऱ्याचे शेंडे राहत नाहीत. बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली. अशा वेळी घरचा कर्ता माणूस चिडून म्हणतो, "एकदा त्या मोठ्या काळविटालाच आडवा करतो!" हा राग समजण्यासारखा आहे. परंतु रागाच्या भरात पीकही वाचत नाही आणि माणूसही तुरुंगात जातो. म्हणून आज माळ्यावरच्या राखणीविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

दूरदेशीची शिकार

अमेरिकेत झाडावर किंवा शिडीवर माळा बांधून, धनुष्यबाण घेऊन हरणांची शिकार करण्याचा मोठा शौक आहे. तिथे त्यासाठी परवाना लागतो, ठराविक हंगाम असतो आणि किती जनावरे मारायची याचीही मर्यादा असते. शिकारी पहाटेपासून माळ्यावर न हलता बसतो, वारा पाहतो, जनावराची वाट ओळखतो आणि पूर्ण वाढलेल्या नराची वाट बघतो. गंमत अशी, की तिथल्या टेक्सास राज्यात १९३२ साली आपल्याकडचे काळवीट नेऊन सोडले गेले. ते तिथे इतके वाढले, की पाकिस्तानात काळवीट संपल्यावर १९७० च्या सुमारास टेक्सासमधूनच ते परत आणावे लागले.

आपल्याकडे पूर्वी संस्थानिक काळविटांची शिकार करीत. कोल्हापूर संस्थानात त्यासाठी शिकवलेले चित्ते पाळलेले होते. पुढे चित्ताच देशातून नाहीसा झाला. १९५२ साली तो संपल्याचे जाहीर झाले. काळविटांचे कळपही झपाट्याने घटले. ज्या वर्षी आपल्याकडे तो मोठा दुष्काळ पडला, त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्याने काळविटाला संरक्षण दिले. पुढे नान्नज येथे १९७९ साली माळढोकसाठी आणि कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. आपल्या जवळच येडशी-रामलिंग घाटाचे अभयारण्य आहे.

कायदा काय म्हणतो

काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारले, फासे लावले, मांस, शिंग किंवा कातडे घरात ठेवले, तर किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद होऊ शकते. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. "पीक खाल्ले म्हणून मारले" हे कारण इथे चालत नाही. या अनुसूचीतले जनावर माणसाच्या जिवावर उठले असेल किंवा बरे न होण्याइतके आजारी वा जायबंदी असेल, तरच त्याला मारण्याची परवानगी मिळू शकते. आणि ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनीच द्यावी लागते. रानडुकराची गोष्ट वेगळी आहे, पण तिथेही वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय हात उचलू नये.

चोर कोण, ते आधी ओळखा

पुष्कळदा नुकसान रानडुक्कर करते आणि नाव हरणाचे होते. सकाळी वावरात जाऊन नीट पाहा. जमीन उकरलेली, ताटे आडवी पडलेली आणि खुरांच्या मागे दोन लहान नख्यांचे ठसे असतील, तर ते डुक्कर. निमुळते, टोकदार, दोनच नख्यांचे ठसे, खुडलेले शेंडे आणि शेळीसारख्या लेंड्या दिसल्या, तर हरीण.

दोघांच्या सवयीही उलट आहेत. डुक्कर उंच पिकात लपते आणि रात्री येते. हरीण मोकळ्या रानाचे जनावर आहे. त्याचा सारा भरवसा नजरेवर आणि पळण्यावर असतो. जिथून दूरचे दिसत नाही, अशा डोक्याएवढ्या ज्वारीत ते सहसा शिरत नाही. म्हणून ज्वारीला हरणाचा धोका उगवणीपासून कमरेला लागेपर्यंत अधिक. हरभरा मात्र ठेंगणा असल्याने घाटे भरेपर्यंत सांभाळावा लागतो. तुमची राखणीची माणसे आणि वेळ याप्रमाणे वाटून घ्या.

जाणत्या नराची जागा

कळपात मादी आणि पाडसे पिवळसर तपकिरी असतात. मादीला शिंगे नसतात. नर वयात येईल तशी त्याची पाठ काळी होत जाते. पोट आणि डोळ्यांभोवतीचे कडे पांढरे राहते, आणि शिंगांना पीळ पडतात. पूर्ण वाढलेला नर मान उंचावून, शिंगे पाठीवर टाकून ऐटीत चालताना दिसतो. असा नर आपली एक जागा धरून राहतो. पडीक माळावर तो एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, तिथे ढीग साचतो. हा ढीग सापडला, की कळपाची ऊठबस कुठे आहे ते कळते. त्या बाजूच्या बांधाला माळा घाला. साऱ्या शिवाराला फेऱ्या मारण्यापेक्षा हे सोपे.

राखणीची मुख्य वेळ पहाट आणि संध्याकाळची आहे. हरणे बहुधा दिवसाउजेडी चरतात, म्हणून रात्रभर जागून सकाळी झोपी गेलेल्या राखणदाराचा उपयोग होत नाही.

हाकलायचे कसे

कळप दिसला, की एकदम आरडाओरडा करून मागे धावू नका. बिथरलेली हरणे खातात त्यापेक्षा जास्त तुडवतात. आणि रस्त्यावर, तारेत किंवा कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. आपल्या बाजूने तर मोठा हमरस्ता जातो. त्यांना माळाकडची वाट मोकळी ठेवा, विरुद्ध बाजूने उभे राहा, हाळी द्या. गोफणीचा दगड जनावरावर नको, बाजूला पडू द्या. हे रोज, न चुकता, पीक कोवळे असतानाच केले, तर कळप ते वावर सोडतो. एकदा हरभऱ्याची गोडी लागली, की मग हटवणे जड जाते.

बांधाच्या कडेने करडईच्या चार-सहा ओळी पेरण्याची आपल्या वाडवडिलांची रीत चांगली आहे. करडई काटेरी झाली, की जनावर सहजी आत येत नाही, आणि घरच्या तेलाचीही सोय होते. जुन्या रंगीत साड्या बांधाला लावल्या, तर काही दिवस उपयोग होतो. मात्र त्यांची जागा बदलत राहावी. सौरकुंपण परवडत असेल तर घ्यावे. त्यात झटका क्षणभराचा असतो, जीव घेणारा नसतो.

आपले तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध. दारूशी कसे वागावे हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तरीही वाळलेल्या ज्वारीजवळ आणि कडब्याच्या गंजीजवळ फटाका उडवू नका. शिवाय चार दिवसांत हरणे आवाजाला सरावतात. आणि खाण्यात दारूगोळा घालून ठेवणे हा तर गुन्हाच. तो गोळा आपली म्हैसही खाते आणि खेळणारे पोरही उचलते.

ह्या चुका जिवावर बेततात

कुंपणाच्या तारेत विजेच्या लाईनचा प्रवाह कधीही सोडू नका. हरणाऐवजी शेजारी, त्याचा बैल किंवा पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच मुलगा त्यात सापडतो. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, आणि दोन्ही घरे बुडतात.

माळाही भक्कम हवा. चारही खांब हातभर खोल गाडा, शिडी पक्की बांधा, कमरेएवढा कठडा करा. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे सर्वांत जास्त अपघात बाणाने नव्हे, माळ्यावरून पडून होतात. म्हणून ते अंगाला सुरक्षेचे पट्टे बांधतात. झोप येत असेल तर खाली उतरा. थंडी वाजली तरी माळ्याखाली शेकोटी पेटवू नका.

भगिनींसाठी दोन शब्द

गवत कापताना किंवा खुरपताना एखादे पाडस निपचित बसलेले दिसते. "आई टाकून गेली" म्हणून त्याला घरी आणण्याचा मोह होतो, मुलेही हट्ट धरतात. पण हरिणी पाडसाला मुद्दाम गवतात लपवते आणि पाजायला परत येते. त्याला हात न लावता तिथून दूर व्हा. घरी आणलेले पाडस बहुधा जगत नाही, आणि ते ठेवणे कायद्यानेही मना आहे.

नुकसान झालेच तर

शासन हरणाने आणि रानडुकराने केलेल्या पीकनुकसानीची भरपाई देते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा जोडा, नुकसानीचे फोटो काढा, ठसे पुसू देऊ नका. पंचनामा होईपर्यंत ते वावर मोडू नका. भरपाई पुरेशी नसते, ही तुमची तक्रार खरी आहे. पण अर्जच केला नाही, तर नुकसान कागदावर येत नाही. आणि जे कागदावर नाही, त्याची दखल कोणी घेत नाही. गावातल्या दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून अर्ज दिले, तर त्याला वजन येते.

राखणीचेही तसेच आहे. एकट्याने हाकलले, की कळप शेजारच्या वावरात जातो आणि उद्या परत आपल्याकडे येतो. बांधाला बांध लागून असलेल्या चार घरांनी पाळ्या लावून घ्या, पहाट-संध्याकाळ वाटून घ्या. जागरण निम्म्यावर येईल, पीक पदरात पडेल, आणि हुरड्याला चार घरे एकत्र बसतील.