मद्याचा साका
मद्याचा साका : द्राक्षांचा रस किंवा मॉल्टचा अर्क आंबत असताना व आंबून झाल्यावर पात्राच्या तळाशी बसणारा गाळ. वाइनच्या साक्यात मृत यीस्ट कोशिका (पेशी), फळाचा गर, सालींचे कण, प्रथिने आणि पोटॅशियम बायटार्ट्रेटाचे स्फटिक असतात. बिअरच्या साक्यात यीस्टखेरीज हॉप या वेलीच्या फुलोऱ्यांचा चोथा व उकळताना साकळलेली प्रथिने आढळतात. साका केव्हा आणि किती काढावयाचा, यावर मद्याचा स्वाद व टिकाऊपणा बऱ्याच अंशी अवलंबून असतो.

सांगली जिल्ह्यात द्राक्षांची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणानुसार विट्याच्या दक्षिणेस पलूस येथे वाइन उद्योगासाठी खास औद्योगिक क्षेत्र उभारण्यात आले. या भागात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्चमध्ये होत असल्याने साका काढण्याचे काम नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर येते. उष्णतेत मृत यीस्ट कोशिकांचे विघटन लवकर होते. म्हणून येथे शीतन व्यवस्था असलेली अगंज (स्टेनलेस) पोलादाची पात्रे आवश्यक ठरतात.

पांढऱ्या वाइनसाठी रस किण्वनापूर्वीच सु. १०° से. तापमानास १२ ते २४ तास निवळत ठेवतात. वरची निवळ दुसऱ्या पात्रात घेतात. मात्र रस फार स्वच्छ केल्यास यीस्टला लागणारी पोषकद्रव्येही निघून जातात व किण्वन मंदावते. लाल वाइनचे किण्वन सालींसह होत असल्याने रस आधी निवळवीत नाहीत.

किण्वन संपल्यावर प्रथम जाड साका बसतो. तो लवकर वेगळा न केल्यास हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन वाइनला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा दोष पुढे अधिक चिवट गंधकयुक्त संयुगांत रूपांतरित झाल्यास दूर करणे कठीण जाते. निवळ नळीने हळुवार काढतात व हवेशी संपर्क टाळण्यासाठी नव्या पात्रात आधी कार्बन डाय-ऑक्साइड किंवा नायट्रोजन वायू सोडतात. यानंतर राहणारा बारीक साका काही वाइनांमध्ये मुद्दाम महिनोन्‌महिने ठेवून अधूनमधून ढवळतात. त्यामुळे वाइनला भरीवपणा येतो. शेवटी वाइन गोठणबिंदूच्या जवळपास थंड केली असता टार्ट्रेटाचे स्फटिक खाली बसतात व ते बाटलीत दिसत नाहीत.

बिअरमध्ये उकळलेला अर्क गोलाकार ढवळून स्थिर ठेवला म्हणजे हॉपचा चोथा मध्यभागी ढिगासारखा जमतो. किण्वनाच्या अखेरीस सुगंधासाठी पुन्हा हॉप घातल्यास तो जाळीदार पिशवीत बांधतात आणि काही दिवसांतच काढतात; अन्यथा गवतासारखी चव उतरते. हॉपमधील एंझाइमांमुळे उरलेल्या डेक्स्ट्रिनांपासून शर्करा तयार होऊन किण्वन पुन्हा सुरू होऊ शकते व घाईने भरलेल्या बाटल्या फुटण्याचा संभव असतो. बाटल्या भरण्यापूर्वी बिअर एकदोन दिवस ०° ते ४° से. तापमानात ठेवल्यास चोथा व यीस्ट घट्ट बसतात. अनेक पाश्चात्त्य देशांत अशी बिअर घरोघरी करतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही.

वाइनच्या साक्यापासून टार्टारिक अम्ल मिळवितात. उरलेल्या गाळाचे कंपोस्ट खत करता येते. साका काढण्यासाठी पात्रात उतरणे धोक्याचे असते. किण्वनात निर्माण झालेला कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने रिकाम्या दिसणाऱ्या पात्राच्या तळाशी साचून राहतो. त्याला रंग अथवा वास नसल्यामुळे माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो आणि त्याला वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही सापडतो. म्हणून पंख्याने हवा खेळवून, वायुमापकाने तपासणी करून व बाहेर एक मदतनीस ठेवूनच पात्रात प्रवेश करावा लागतो.