आधी ढीग वाचा, मग जेसीबी बोलवा

महापालिकेत आरोग्य निरीक्षकाची नोकरी केलेला माणूस शहर चौकांच्या नावांनी ओळखत नाही, उकिरड्यांच्या नावांनी ओळखतो. आमच्या आरोग्य कोठीवर प्रत्येक ढिगाचं बारसं झालेलं असे. ‘ट्रान्सफॉर्मर’, ‘बंद टॉकीज’, ‘वकिलाचा प्लॉट’. कागदोपत्री हे सगळे ‘क्रॉनिक स्पॉट’. हट्टी ढीग बहुधा मोकळ्या पडलेल्या प्लॉटवरच सापडायचे. निवृत्त झाल्यावरही सोसायट्यांची मंडळी माझ्याकडे येतात आणि पहिलंच वाक्य ठरलेलं असतं : “साहेब, एक जेसीबी मिळवून द्या.”

जेसीबी मिळतो हो. दुपारपर्यंत प्लॉट लख्ख होतो, फोटो निघतात आणि आठवड्याभरात ढीग पुन्हा जागेवर. म्हणून मी आधी विचारतो, ढिगात आहे काय?

ढीग वाचता येतो. नारळाच्या शेंड्या आणि सुकलेले हार दिसले की जवळपास मंगल कार्यालय शोधायचं. पोतंभर कांद्याची सालं म्हणजे खानावळ, आणि टाकायची वेळ रात्री शटर ओढल्यानंतरची. पिसं दिसली तर चिकन सेंटर. रंगीबेरंगी चिंध्या असतील तर ब्लाउज शिवणारं दुकान. फुटक्या फरशा आणि जुना कमोड हा राडारोडा; तो आणणाऱ्या टेम्पोवाल्याला ठेकेदाराने ‘कुठंही टाकून ये’ एवढंच सांगितलेलं असतं. उरतात त्या गाठ मारलेल्या लहान पिशव्या. भाजीची देठं, दुधाची पिशवी, डायपर, सगळं एकत्र. घंटागाडी येते त्या वेळी ज्या घराला कुलूप असतं, त्या घराची ही पिशवी. नवराबायको सातला बाहेर पडतात, गाडी साडेनऊला येते. मग पिशवी स्कूटरच्या हुकाला लागते आणि प्लॉटजवळ वेग थोडा कमी होतो, इतकंच.

या लोकांना बेशिस्त म्हणून मोकळं होणं सोपं आहे. एका प्लॉटवर रोज रात्री उष्ट्या अन्नाच्या बादल्या उपड्या होत. मुकादमाने पाळत ठेवली तेव्हा मेस चालवणाऱ्या एक मावशी सापडल्या. दंडाची पावती बघून म्हणाल्या, “दंड भरते, पण साहेब, गाडी माझ्या दारी येते तोवर भरलेली असते. रात्रभर हे खरकटं घरात कुठं ठेवू?” आम्ही गाडीचा पहिला थांबा त्यांच्या दाराशी केला. बादल्या थांबल्या. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या बायका घरोघरी जाऊन कचरा घेतात, त्यामागचं गणितही हेच : दारात कोणी येत असेल, तर प्लॉटपर्यंत जायचा त्रास माणूस सहसा घेत नाही.

मात्र एकदा ढीग पडला की तो दुसऱ्यांना बोलावतो. नेदरलँडमधल्या ग्रोनिंगन शहरात संशोधकांनी उभ्या सायकलींच्या हँडलला पत्रकं अडकवून पाहिलं होतं. 2008 मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेजारची भिंत स्वच्छ असताना 33 टक्के लोकांनी पत्रक तिथेच टाकलं, भिंत रेघोट्यांनी खराब केल्यावर 69 टक्के लोकांनी. आमच्या मुकादमाला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. उचललेल्या जागी पडलेली पहिली पिशवी तो तासाभरात हलवायचा.

कचरा पडू नये म्हणून देवादिकांच्या चित्रांच्या फरशा भिंतीवर लावण्याचा उपाय मला कधीच पटला नाही. देव आला की पाठोपाठ निर्माल्य येतं, आणि निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीतून येतं! रांगोळी, कुंड्या, बाक ठीक आहेत, पण पिशव्या पडण्याच्या वेळेला तिथे उभा राहणारा माणूस जास्त उपयोगी.

ढीग पेटवून द्यायचा, हा तर शुद्ध गाढवपणा. प्लास्टिकचा विषारी धूर आपल्याच खिडक्यांत शिरतो. कचरा रस्त्यावर, मोकळ्या सार्वजनिक जागेत किंवा नाल्यात टाकायला, जाळायला आणि पुरायला घनकचरा नियमांनी मनाई केलेली आहे. पावसाळ्याआधी मात्र टायर, करवंट्या, फुटक्या बादल्या उचलाच. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि कोरड्या टायरला चिकटलेली त्याची अंडी काही महिने तग धरतात.

आता मालक. प्लॉट ओसाड का पडतो? भावाभावांचा दावा चालू असतो, मालक परगावी असतो, किंवा विकास आराखड्यात आरक्षण पडून जमीन वर्षानुवर्षं ताब्यात घेतलेली नसते. ‘कोणाचीच नाही’ अशी जागा शहरात नसते. मालकाचं नाव शहरात मिळकत पत्रिकेवर, बाहेर सातबाऱ्यावर. दोन्ही ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. नाव हाती असलं की अर्जाला वजन येतं. नुसत्या ‘दुर्गंधी येते’ या तक्रारीवर फाईल फिरत राहते. मालकाच्या नावासह अर्ज आला, तर नोटीस काढायला कारकुनाला निमित्त उरत नाही.

आता चिकाटीचं. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोझ शाह या वकिलांनी 2015 मध्ये सफाई सुरू केली. तिथलं मला सगळ्यात पटतं ते हे, की ते शनिवार-रविवारी पुन्हापुन्हा जात राहिले. त्यांच्या हाती समुद्र होता, रोज नवा कचरा आणून टाकणारा. तुमच्या हाती चार गुंठे आहेत.

तेव्हा येत्या रविवारी झाडू घेऊन उतरू नका. आधी सलग काही दिवस सकाळी आणि रात्री त्या प्लॉटसमोर उभे राहा, कोण काय टाकतंय ते पाहा. पिशवीवाल्यांसाठी गाडीची वेळ बदलून मागा, टेम्पोचा नंबर कोठीवर द्या, उतारा काढा. जेसीबी त्यानंतर मागा, आणि तो येऊन गेल्यावर निदान महिनाभर पहाऱ्याच्या पाळ्या लावा.