गोंदियाच्या गाडीने इगतपुरी, मग दहा दिवसांचं मौन

दवनीवाड्यात कुणाला ध्यान मनापासून शिकायचं असेल, तर वाट सोपी आहे. गोंदियाहून मुंबईला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच इगतपुरी लागतं. तिथलं धम्मगिरी विपश्यना केंद्र 1976 पासून चालू आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ही साधना ब्रह्मदेशातून भारतात घेऊन आले.

तिथल्या दहा दिवसांच्या मौन शिबिरात पहाटे 4 ला घंटा होते. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा : नाकपुडीत गार लागतो की कोमट, डावीकडून येतो की उजवीकडून. मुद्दाम लांबवायचा नाही, मंत्रही नाही. सगळ्यांत अवघड आणि मोलाचं हेच, असं माझं ठाम मत. पुढे लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं. मुंग्या आल्या तरी नुसतं पाहायचं.

फी नाही, खर्च जुन्या साधकांच्या दानातून भागतो. धानाची रोवणी आटोपली की अर्ज कराच!