अठराची फसगत

वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय आहे. तिथले संशोधक सुमित गुलवानी यांच्या कामातून एक्सेलच्या २०१३च्या आवृत्तीत ‘फ्लॅश फिल’ आलं. एका रकान्यात पूर्ण नावं असली आणि शेजारी आपण एक-दोन आडनावं लिहून दाखवली, की उरलेली ते स्वतः भरतं. गंमत अशी, की त्या उदाहरणांना लागू पडणारे नियम अनेक असतात. ‘दुसरा शब्द घे’ हाही नियम जुळतो, ‘शेवटचा शब्द घे’ हाही. मधे वडिलांचं नाव लिहिणाऱ्या आपल्या याद्यांत मात्र पहिला आपटतो. म्हणून ही प्रणाली जुळणाऱ्या नियमांना क्रम लावते आणि निवड चुकलीच तर आणखी एक उदाहरण घेऊन ती सुधारते. मुलांना गणितातले आकृतिबंध शोधायला शिकवताना आपण हे शेवटचं पाऊल गाळतो. नियम सापडला, शाबासकी दिली, पुढचं गणित.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांची १९४९ची प्रक्रिया घ्या. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ पासून निघालं तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तिन्ही उत्तरांच्या अंकांची बेरीज १८! चुणचुणीत मूल हे लगेच टिपेल. पण २१११ घेतली तर २१११ − १११२ = ९९९, बेरीज २७. अठरा मोडलं, ९ने भाग जाणं मात्र टिकलं. कारण त्याच अंकांच्या कुठल्याही मांडणीला ९ने भागल्यावर बाकी तीच उरते. अठरा मोडतं तेही फक्त मांडणीतले मधले दोन अंक सारखे असताना, कारण तेव्हा वजाबाकी ९९९च्या पटीत येते.

इतका वेळ वर्गात कुठून आणायचा, कारणं विचारत बसलं तर मुलांची गोडी जाईल, असं शिक्षक म्हणतील. वेळेची अडचण खरी आहे. पण इथे सिद्धता मागितलेली नाही, फक्त नियम मोडणारी एक संख्या मागितली आहे, आणि मोडतोड मुलांना आवडतेच. वॉशिंग्टन राज्याने २०११मध्ये स्वीकारलेल्या गणिताच्या मानकांतही रचना शोधण्याइतकंच दुसऱ्याच्या युक्तिवादाची चिकित्सा करण्याला स्थान आहे. तेव्हा वर्गातून ‘अठरा’ असं उत्तर आलं, की फळ्यावर २१११ लिहा आणि थोडा वेळ गप्प राहा.