अमळनेरचे शेअर आणि घरातली जुनी पेटी

खानदेशात बायकांनी शिल्लक टाकायची ती सोन्यात, नाहीतर भिशीत. जळगावची सोन्याची पेठ हाताशी असताना शेअरच्या फंदात पडायचं कुणी? पण मैत्रिणींनो, जळगाव जिल्ह्यातलंच अमळनेर वेगळं सांगतं. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ साबण त्याचेच. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. गावातल्या कितीतरी घरांनी तिचे शेअर घेतले; ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांची नातवंडं आज कोट्यधीश आहेत.

गणित शिकवते, म्हणून हिशेबच मांडते. २००४ च्या सुरुवातीला शंभर शेअर धरा. त्या वर्षी एकाला दोन बोनस मिळाले, झाले तीनशे. २००५ मध्ये एकाला एक, सहाशे. २०१० मध्ये तिनाला दोन, हजार. २०१७ मध्ये पुन्हा एकाला एक, दोन हजार! पण भाकरीचे चार तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. बोनस मिळाला की भाव त्या प्रमाणात उतरतोच. खरा वाढला तो कंपनीचा धंदा.

आणि आपल्या गावची कंपनी म्हणून डोळे मिटून पैसे घालायचे, असंही नाही बरं का. जळगावच्याच जैन इरिगेशनचं ठिबकमध्ये केवढं नाव! तरी कर्जाचं ओझं झालं, आणि २०१८ च्या सुरुवातीला शंभराच्या वर असलेला भाव मार्च २०२० मध्ये दहाच्या खाली आला. तेव्हा नफ्याबरोबर कर्जाचा आकडाही विचारावा, आणि घरखर्चाचा पैसा बाजूला ठेवूनच उरलेला घालावा.

आता कागदांचं. सासऱ्यांच्या, आजेसासऱ्यांच्या पेटीत जुने कागदी शेअर असतील तर ते आधी डीमॅट करून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच विकता येत नाहीत. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. यजमानांबरोबर दोघांच्या नावाचं नवं संयुक्त डीमॅट खातं काढून घ्यावं. नुसत्या नॉमिनीवर विसंबू नये. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

भाऊबीजेला माहेरी गेलात, तर तिथलीही पेटी उघडायला सांगा. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या शेअरमध्ये मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. निधीत गेलेले शेअर वारसांना परत मागता येतात. सरकार त्या अर्जाला फी घेत नाही, त्यामुळे टक्केवारी मागणारा मध्यस्थ दारात आला, तर आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला स्वतः पत्र घालून पाहा.