जूनचं ऊन, जानेवारीची ऊब

एकच कोबी आणि वजन किती? तब्बल ६२ किलो ७०० ग्रॅम! २०१२ साली अलास्कातल्या पामर गावी भरलेल्या जत्रेत स्कॉट रॉब यांचा हा गड्डा तराजूवर चढला आणि जागतिक विक्रम झाला. तुमच्या वर्गात एवढ्या वजनाचं आहे का कुणी?

आता नकाशा उघडा. अलास्का हे अमेरिकेचं सगळ्यात उत्तरेकडचं राज्य. पामरच्या आसपासच्या डोंगरांत हिमनद्या आहेत आणि हिवाळ्यात तिथली जमीन इतकी गोठते, की कुदळसुद्धा लागत नाही. तरीही १९३५ साली सरकारने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधली २०३ कुटुंबं इथे शेती करायला आणून वसवली. पिकं गोठणार नाहीत असे मिळतात जेमतेम साडेतीन महिने. मग एवढ्यात कोबी असा फुगतो तरी कसा?

गंमत उन्हाची आहे, मित्रांनो! मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो. पामरमध्ये जूनमध्ये सूर्य सुमारे १९ तास मावळतच नाही. पानं उजेडात अन्न तयार करतात. उजेड जास्त वेळ, तर अन्नही जास्त. शिवाय रात्री गार असतात. झाडंही श्वसन करतात आणि त्यात साखर खर्च होते. गारव्यात हा खर्च कमी होतो, म्हणून साखर शिल्लक राहते. तिथली गाजरं गोड लागतात ती त्यामुळेच! मातीही हिमनद्यांचीच देणगी. त्या खडक दळून बारीक भुकटी करतात आणि वारा ती उडवून शेतांवर पसरतो.

पण जास्त उजेड सगळ्यांनाच मानवतो असं नाही हं! दिवस मोठा झाला, की पालकाला वाटतं, फुलायची वेळ झाली. पानं वाढायच्या आधीच तो तुरा काढून मोकळा होतो. टोमॅटोला तर गारवाच सोसत नाही. म्हणून शेतकरी त्याला काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या घरात वाढवतात. कोबीची रोपं बाहेर बर्फ असतानाच घरात दिव्याखाली तयार करतात, म्हणजे उन्हाळ्याचा एक दिवसही वाया जात नाही.

आणि गाई? हिवाळ्यात त्यांना चरायला काय मिळणार? म्हणून उन्हाळ्यात वाढलेलं गवत कापायचं, उन्हात वाळवायचं आणि गठ्ठे बांधून कोठारात रचायचं. हे गवत गाईचं पोट तर भरतंच, पण तिची शेकोटीही पेटवतं! गाईच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते गवत आंबवतात आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून कडाका वाढला, की शेतकरी वैरण वाढवतात. जूनचं ऊन गवतात साठलं आणि तेच जानेवारीत गाईला ऊब देतंय. आहे की नाही कमाल?

पामरला मस्क ऑक्स नावाचा प्राणीही पाळतात. नावात 'ऑक्स' असलं, तरी हा प्राणी शेळ्या-मेंढ्यांचा जवळचा नातलग. लांब केसांखाली त्याच्या अंगावर मऊशार लोकर असते. तिला 'किवियुत' म्हणतात. ती मेंढीच्या लोकरीपेक्षा कितीतरी ऊबदार असते. वसंतात ती आपोआप सुटू लागते, तेव्हा लोक मोठ्या फण्यांनी विंचरून गोळा करतात. कातरायची गरजच नाही!

थंडीशी भांडून तिथे काही पिकत नाही. त्या हवेला जे सोसतं ते पेरायचं, जो प्राणी तगतो तो पाळायचा आणि मिळेल तेवढं ऊन साठवायचं.

करून पाहा: घरातल्या दिनदर्शिकेत सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा शोधा. जून आणि डिसेंबरमधल्या एकेका दिवसाची लांबी काढा. आपल्याकडे फरक किती पडतो? मग आई-बाबांना किंवा ओळखीच्या शेतकरीकाकांना विचारा, आपल्याकडे कोबीची लागवड कोणत्या महिन्यात करतात आणि का?